सात विसा नि नऊ

आमच्या माडांचे नारळ काढायला येणारा पाडेली मोजणीत कुणाचं ऐकत नाही. अंगणात फतकल मारायची, एका नारळाला एक बोट, आधी हातांची, मग पायांची. वीस झाले की चिऱ्यावर एक खडा.

"सात विसा नि नऊ," परवा त्यानं ठणकावलं.

त्याच्या डाव्या पायाला करंगळी नाही. मी रत्नागिरीच्या कॉलेजात गणित शिकवतो. दर विसाला एक चुकणारच, म्हणून मी सगळे नारळ पुन्हा मोजले. भरले एकशे एकोणपन्नास, म्हणजे त्याचंच बरोबर!

दुसरा ढीग मोजताना मी टक लावून पाहिलं. करंगळीपाशी आल्यावर त्यानं मोकळ्या जमिनीवर बोट टेकवलं आणि नारळ सारला.

"तिथं तर काहीच नाही," मी म्हणालो.

"बोट गेला, सर. जागा नाय गेली."