ब्रुसेल्सच्या दोन भाषा आणि युसूफचा पाय

ब्रुसेल्सला जायचं असेल तर पहिली गोष्ट: ‘तिथे इंग्रजी चालतं’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मला ते दुबईतल्या तिकीटवाल्याने सांगितलं. तिथल्या देरा भागात, खाडीकाठी त्याचं टेबल. तिकीट लिहिता लिहिता म्हणाला, “साब, पूरा युरोप में इंग्लिश चलेगा. यल्ला, बेफिकर जाओ.” हा गृहस्थ स्वतः शारजाच्या पुढे कधी गेला नव्हता.

मी हौसेने निघालो नव्हतो. माझा धाकटा भाऊ युसूफ मालवाहू जहाजावर खलाशी होता. अँटवर्प बंदरात त्याच्या पायावर लोखंडी साखळी कोसळली आणि त्याला ब्रुसेल्सच्या इस्पितळात हलवलं, अशी जहाज कंपनीच्या एजंटाची तार सोमवारी आली. शेवटी लिहिलं होतं, शुक्रवारी शस्त्रक्रिया. कसली, ते नव्हतं. देऱ्यातल्या एका इंग्रजी कंपनीत मी टायपिस्ट. साहेबाने आठवड्याची रजा दिली, तीही उपकार केल्यासारखी. बैरूतला विमान बदलून, वाटेत ताटकळून, गुरुवारी दुपारी एकदाचा पोचलो.

या शहरात दोन भाषा आहेत, फ्रेंच आणि फ्लेमिश, आणि त्यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं नातं. रस्त्याच्या प्रत्येक पाटीवर दोन नावं, एक वर, एक खाली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ट्रामच्या खिडकीतून मी फक्त वरची ओळ वाचत राहिलो. माझ्या कागदावर लिहिलेलं इस्पितळाच्या रस्त्याचं नाव खालच्या ओळीत होतं. तीन थांबे पुढे गेलो. तेव्हा दोन्ही ओळी वाचा, आणि जाड तळव्याचे बूट घाला. दगडी फरशांचे ओले रस्ते आहेत आणि पाऊस असा बारीक, की छत्री उघडायची लाज वाटावी आणि अंग तर भिजावंच. वाटेत एका म्हाताऱ्याला फ्रेंचमध्ये ‘मेर्सी’ (आभारी आहे) म्हटलं, तर त्याने तोंड असं केलं, जणू मी त्याच्या बापाला शिवी दिली. भांडण यांचं आणि भिजणार मी!

खाण्याचं सांगतो. कोपऱ्याकोपऱ्यावर कागदाच्या पुड्यांत तळलेले बटाटे मिळतात. वास असा, की पाय आपोआप वळतात. आपल्यातल्यांनी आधी विचारावं, कशात तळलेत. मी हातवारे करून विचारलं तेव्हा त्या बाईने हसत भिंतीवरचं चित्र दाखवलं. चित्रात गाय होती. कसली चरबी, आणि जनावर हलाल केलेलं की नाही, कोण सांगणार? मी पुडा ठेवून दिला आणि नुसता पाव चावत इस्पितळ गाठलं.

युसूफ खिडकीशी पडला होता. मला पाहून उठायला लागला.

“पडून राहा. काय करणार आहेत?” मी विचारलं.

“काय म्हायत, भाई. ते बोलत व्हते, मी यस सर बोललो. सही पन केली.”

उशाशी कागद होता. दोन रकाने, डावीकडे एक भाषा, उजवीकडे दुसरी, आणि खाली शाळकरी मराठी अक्षरात ‘युसूफ’. मी तो घेऊन पांढऱ्या टोपीतल्या नर्सबाईकडे गेलो, तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांना बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. म्हणाले, गुडघ्याखाली पाय कापायचाय, रोग्याची संमती आहे.

“त्याला कळलं होतं?”

“आम्ही दोन्ही भाषांत विचारलं,” डॉक्टर म्हणाले. “दोन्ही वेळा तो हो म्हणाला.”

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर हात आपटून मी ओरडलो, “त्याला दोन्हीतलं अक्षर कळत नाही! आमची पोरं जहाजावर पांढऱ्या कपड्यातल्या प्रत्येकाला ‘यस सर’ म्हणतात. त्याचा अर्थ, साहेब, तुमचं ऐकलं. एवढाच!”

डॉक्टरांनी मला युसूफच्या खाटेपाशी नेऊन पट्टी सोडली. बोटं काळी पडली होती, काळेपणा घोट्याच्या वर चढला होता. वासाने मी तोंड फिरवलं. “उद्या कापला नाही तर माणूसच जाईल,” ते म्हणाले. “आता तुम्ही तुमच्या भाषेत विचारा. तो नाही म्हणाला तर मी हात लावणार नाही.”

मी युसूफला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तो म्हणाला, “तुमी बोलाल तसा, भाई.”

“मी बोलीन तसा? अरे, पाय तुझा आहे!” माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

तेव्हा तोही भडकला. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर भडकला. “आज इचारताय? सोळाव्या वर्साला जहाजावर चडवलात, तवा इचारलात? मना शाला शिकायची व्हती. तवा पन मी हो बोललो व्हतो तुमाला!”

तो बराच वेळ रडला. मग डोळे पुसून म्हणाला, “कापा बोला त्यांना. पन मी बोललो, असा सांगा.”

मी तसंच सांगितलं.

महिन्याभराने आम्ही दोघं दुबईला परतलो. रजा संपून गेली होती, नोकरीही. त्या शहरावर मी अजून चिडलेलो आहे. दोन भाषांच्या मानपानासाठी पाटी दोनदा रंगवतात, आणि ज्याचा पाय जायचाय त्याची भाषा जाणणारा माणूस शोधत नाहीत. पण शिव्या देताना हल्ली मध्येच अडखळतो. आमच्या घरात तर एकच भाषा होती.

देऱ्यातल्या खोलीत आमच्या गावाकडची सगळी माणसं भेटायला जमली होती. कुबड्या बघून बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. कुणीतरी युसूफपुढे चहाचा कप धरला. आलेला चहा आमच्यात कुणी परतवत नाही. पोट भरलेलं असलं तरी दोन घोट घेतातच.

“चाय नको,” युसूफ म्हणाला. “मना निजायचाय.”

एका चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मोठ्या भावाने दटावावं म्हणून. मी उठलो, दार उघडलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.