मेजर म्हणू नका

बिरुदेव लवटे सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झाले. नाईक म्हणजे शिपायाच्या वर दोन पायऱ्या. कुंभारीतल्या त्यांच्या गल्लीनं मात्र त्यांना पहिल्याच दिवशी मेजर करून टाकलं. इकडे पलटणीतून परतलेला कुणीही मेजरच असतो, म्हणून त्यांनीही हरकत घेतली नाही.

घराबाहेर त्यांना जग नव्हतं. सुट्टीवर आले की लेकीची, ऋतुजाची, वेणी तेच घालत. तंबूच्या दोरीवर शिकलेली ती वेणी संध्याकाळपर्यंत हलत नसे. कपाळ तेवढं ताणून दुखे. निवृत्तीनंतर पुण्याची चांगली नोकरी त्यांनी सोडली, कारण आई अंथरुणाला खिळली होती. चिंचोळी एमआयडीसीत ते वॉचमन झाले आणि आईला शेवटपर्यंत स्वतः अंघोळ घालत राहिले.

मग समोरच्या शरणप्पानं ऋतुजासाठी टेंभुर्णीचं स्थळ आणलं. सुपारीच्या दिवशी मुलाच्या मामानं सहज विचारलं, "मेजरसाहेब, तुमच्या हाताखाली किती जवान होते?"

"मी नाईक होतो," बिरुदेव म्हणाले.

मुलाची आई उठलीच. "गल्लीत मेजर आन् घरात नाईक! पोरगी तरी तुमचीच हाय न्हवं?"

"अवो, आमच्यात असंच म्हंत्यात की!" शरणप्पा विनवत राहिला. पण पाहुणे गेले, आणि लवट्यांनी फसवलं ही गोष्ट त्यांच्या आधी तालुकाभर पोचली. पुढे एकही स्थळ उंबऱ्याच्या आत आलं नाही.

त्यानंतर बिरुदेव दारोदार फिरले. "हात जोडतो, मला मेजर म्हणू नका."

लोक म्हणाले, "बरं, मेजर!"

यंदा फेब्रुवारीत कारखान्याच्या फाटकावर, खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. ऋतुजाला आता एकच गोष्ट साधायची होती: निदान मेल्यावर तरी तो शब्द त्यांच्या नावाला चिकटू नये. तेराव्याच्या बॅनरचं काम शरणप्पाकडे होतं.

"काका, मेजर नगं. नाईक लिवायला सांगा."

बॅनर आला तो 'कै. बिरुदेव नाईक' असा. छापणाऱ्याला नाईक हे आडनाव वाटलं आणि लवटे त्यानं चूक समजून गाळलं. फोटोही भरतीच्या वेळचा, बिनमिशीचा. गल्लीत कुणी न पाहिलेला.

जेवणाची वेळ झाली तरी मांडव रिकामाच. ऋतुजाच्या आईच्या, केराबाईच्या, माहेरचा टेम्पो बॅनर वाचून पुढे निघून गेला. कारखान्यातले सोबतीही घर दुसऱ्याचं समजून वळले. शरणप्पा फोनवर ओरडत होता, "अवो तेच घर! कुटं गेला तुमी?"

केराबाई बाहेर आली. "ऋतुजा, त्येवर मेजर लिव्ह."

"आये, आप्पा काय म्हणायचे, ठावं हाय की तुला."

"ठावं हाय. पर ह्या नाईकाच्या दारात कोन येतंय? लिव्ह."

ऋतुजानं मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि जाड पेनानं त्यावर तो शब्द लिहिला. लवटे लिहायला जागा उरली नाही. शरणप्पानं शिडीवर चढून पुठ्ठा बॅनरवर चिकटवला.

थोड्या वेळानं टेम्पो फिरून आला.

"हितंच की! मेजरचंच हाय," म्हणत माणसं उतरू लागली. ऋतुजा पत्रावळ्या मांडायला आत गेली.