फेसावरची खूण

…तर वाउटरनं पत्र्याचा पेला हौदात बुडवला, काठोकाठ भरला, आणि भर उन्हात, सगळ्या गावादेखत, आपल्या दुधाच्या बादलीत ओतला. काल मी इथवर आलो आणि सूनबाईनं जेवायला हाक मारली. झालं ते बरंच झालं म्हणा. हा वाउटर कोण आणि बादली कसली, हे न सांगताच मी पाणी ओतण्यापर्यंत पळत सुटलो होतो. आता जरा मागून येतो.

वाउटर हॉलंडचा. आमच्या डोंगरातल्या ह्राबिंका गावात आला तो सायकलवरून, चढावर सायकल ढकलत. त्याच्या मुलखात चढ नावाची वस्तू नाही. तिकडे तो कालव्यावरचा पूल उघडायचा. बोट आली की उघडायचा, गेली की मिटायचा. एवढ्यासाठी सरकार माणसाला पगार देतं, यावर आमच्या गुत्त्यात कितीतरी दिवस वाद चालला होता. नोकरी सुटल्यावर तो डोंगर बघायला म्हणून निघाला आणि ओढ्यावरचं, आमच्या गावच्या वानसोबाचं रिकामं पडलेलं घर विकत घेऊन राहिला. बायको नव्हती, पोरं नव्हती. उंच माणूस, आमच्या दारांच्या चौकटी त्याच्या कपाळाला पाठ झाल्या होत्या. आमची भाषा तो भराभर शिकला. शिव्यासुद्धा शिकला, पण त्या द्यायला त्याला कुणी जागाच देईना.

आमच्याकडे पाहुण्याला काम सांगत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात त्यानं शेजाऱ्याच्या छपरावरचं बर्फ खाली ओढायला घेतलं. शेजारी तसाच पायजम्यावर धावत बाहेर आला, त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं, त्याला चुलीपाशी बसवलं आणि आलुबुखाराची दारू पाजली. बर्फ मग शेजाऱ्यानं स्वतः काढलं, ताप असताना. गवतकापणीला गेला तर सावलीत घोंगडं अंथरून दिलं. लाकडं फोडायला गेला तर कुऱ्हाडच लपवली. जिथं हात घालावा तिथून कुणीतरी तो हात अलगद उचलून त्यात पेला ठेवायचं. पाहुणा सुखात राहावा एवढंच गावाच्या मनात होतं. आणि तो पाहुणा दिवसेंदिवस वाळत चालला होता.

त्यात सगळ्यांत वाईट, म्हणजे सगळ्यांत चांगला, गाश्पार. गाश्पार आमचा बाचा. गावाच्या सगळ्या मेंढ्या उन्हाळाभर वर डोंगरावर जो सांभाळतो, त्यांच्या धारा काढतो, चीज करतो, त्याला आम्ही बाचा म्हणतो. वरच्या खोपटात त्याचा शब्द शेवटचा. हाताखालच्या गड्यांना तो सकाळपासून जे बोलायचा ते कुत्र्यांनासुद्धा लागायचं. पण वाउटर दारात दिसला की हा टोपी काढायचा. "या पाहुणे, बसा पाहुणे." विस्तवाजवळचं स्टूल त्याला. चीज काढून झाल्यावर कढईत जी गरम निवळी उरते, आमची झिंचित्सा, तिचा पहिला पेला त्याला. वाउटर बाह्या सरसावून चीजचा गोळा पिळायला पुढं झाला की, "छे छे, हात कशाला खराब करता!"

शेवटी वाउटरनं मेंढ्या घेतल्या. सहकारी शेती मोडल्यावर मेंढ्या पुन्हा ज्याच्या त्याच्या झाल्या होत्या आणि विकायला पुष्कळ निघत होत्या. त्याचा हिशोब सरळ होता. मेंढीवाला झालो की गावाचा झालो. मेंढ्यांना लागलं माप की आपोआप आपल्यालाही लागेल.

आता हे माप म्हणजे काय, तर आमच्याकडची वर्षातली सगळ्यांत मोठी भांडणं. मे महिन्यात एक दिवस सगळे मालक वर मेंढ्यांच्या वाड्यावर जातात. आदल्या रात्री कळपावर पहारा असतो, कुणी चोरून काही चारू नये म्हणून. सकाळी ज्यानं त्यानं आपापल्या मेंढ्यांची धार स्वतः काढायची. मग बाचा त्या बादलीत साल काढलेली काठी उभी धरतो आणि दूध जिथवर येईल तिथं चाकूनं खूण करतो. काठी उभी चिरून अर्धी मालकाला, अर्धी बाचाला, म्हणजे मागाहून कुणी खूण सरकवायला नको. ती खूण जितकी वर, तितकं त्या घराला उन्हाळाभर चीज. उरेल ते बाचाचं. म्हणून बाचा फेस खाली बसेपर्यंत थांबतो, आणि मालक म्हणतात, किती थांबतोस, दूध आटेल! बाकीचे डोळे फाडून बघत असतात. याची काठी तिरपी, त्याचा अंगठा बादलीत, तिनं दूध वाढावं म्हणून रात्री मीठ चारलं. दोन सख्खे भाऊ एका नखाएवढ्या खुणेवरून नाताळपर्यंत बोलले नव्हते. माझ्यावरही आळ आलेला आहे. एखाद्या वर्षी आला नाही तर उलट वाटतं, आपली गणती संपली की काय.

वाउटरची बादली आली की मात्र गाश्पार फेसावरच खूण करायचा. दूध अजून हिसळत असतानाच. आणि सगळं गाव त्या वेळी नेमकं डोंगराकडे बघत असायचं.

पहिल्या वर्षी त्याला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी कळलं, आणि त्याच संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसला.

"काका, तो माझा फेस बसू देत नाही."

"मग तुमचा फायदाच आहे की."

"मला फायदा नको आहे. फिलोमेना मावशीच्या काठीवर सगळे माशांसारखे बसतात. माझ्या काठीकडे कुणी बघतसुद्धा नाही."

"मग सांगा गाश्पारला."

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. अजून एक पेला भरून दिला."

मला हसू आवरेना. तो हसला नाही. म्हणाला, "मी इथं मरेन तेव्हासुद्धा हे मला पाहुणा म्हणूनच पुरतील. चांगल्या जागी, सावलीत."

 मी त्याला प्यायला दिलं.

तर तिसऱ्या वर्षीचं माप. आता आपण हौदापाशी आलो. वाउटरनं धार काढून झाल्यावर बादली उचलली, पाण्याच्या हौदाशी नेली आणि पेला ओतला. घाई केली नाही. आडोसा केला नाही. ओतून झाल्यावर रिकामा पेला उलटा करून झटकला, नि मग आमच्याकडे बघत उभा राहिला.

गाव काय करतंय म्हणता? एकाला बुटाची नाडी आठवली. एकानं आभाळाकडे बघून पाऊस येणार म्हणून सांगितलं. ढग एक नव्हता. गाश्पार कुत्र्यावर खेकसला. कुत्रं झोपलेलं होतं. वाउटरनं दुसरा पेला भरला आणि तोही ओतला. आता सगळेच बुटाच्या नाड्या बांधायला लागले.

गाश्पारनं काठी घातली, डोळे मिटल्यासारखे केले आणि फेसाच्याही वर खूण ओढली. "छान दूध आहे, पाहुणे."

यानंतर नंबर फिलोमेना मावशीचा. ही आमच्याकडची विधवा, जिभेनं गवत कापील अशी. पण वाउटरवर तिची माया. दर रविवारी त्याच्याकडे खसखस भरलेल्या गोड पावाची वळकटी पाठवायची. गाश्पारनं तिच्या बादलीत काठी धरली आणि थांबला. फेस बसला तरी थांबला. एक माशी दुधावर उतरून, फिरून, उडून गेली, तरी थांबला. मग खूण केली.

मावशीनं काठी बघितली. वाउटरची बादली बघितली. आणि म्हणाली, "हा माणूस चोर आहे."

तुम्हाला सांगतो, देवळात कुणी शिट्टी वाजवावी तसं झालं.

"अगं मावशी, पाहुणा आहे तो!"

"पाहुणा? पाच वर्षं झाली त्याला! माझा नवरा माझ्या घरात पाच दिवस पाहुण्यासारखा वागला नाही. दोन पेले पाणी ओतलं त्यानं. आंधळे झालात का सगळे?"

"तुला ऊन लागलंय. बस जरा."

"तूच बस! आणि बसल्या बसल्या तिसऱ्यांदा नाडी बांध."

सगळे तिच्यावर तुटून पडले. पाहुण्याच्या तोंडावर असं बोलतात का, तुझ्या आईनं हेच शिकवलं का, आता तो आपल्या मुलखात जाऊन काय सांगेल. मावशी एकटी पडली.  तेवढ्यात वाउटर मध्ये आला.

"ती खरं बोलते. मी पाणी ओतलं."

गाश्पार घाईघाईनं म्हणाला, "तुम्हाला तहान लागली असेल, पाहुणे. पिताना सांडलं असेल."

"मी प्यायलो नाही. ओतलं."

"हात हलला असेल."

"दोनदा?"

"उतार आहे इथं."

"गाश्पार, मी मुद्दाम ओतलं. दूध जास्त दिसावं म्हणून. मी चोर आहे."

आता गाश्पारची गंमत बघा. पाहुणा चोर, असं म्हणावं तर तो पाहुण्याचा अपमान. पाहुणा खोटं बोलतोय म्हणावं तर तोही अपमान. बिचारा हातात काठी घेऊन उभा. एकदा मावशीकडे बघतो, एकदा वाउटरकडे. टोपी काढली. डोकं खाजवलं. टोपी परत घातली, आणि ती घालता घालताच त्याचा चेहरा बदलला. गडी लोकांनी तो ओळखला आणि ते दोन पावलं मागं सरकले.

"अरे बैला! तुमच्याकडे पाणी फार झालंय म्हणून माझ्या वाड्यावर आणून ओततोस होय रे? माझ्या बादलीत? माझ्या डोळ्यांदेखत? चोरट्या! तीन वर्षं तुझा फेस मी माझ्या पोटाला चिमटा काढून मोजतोय, आणि तू…"

पुढचं सांगण्यासारखं नाही. त्यात वाउटरची आई आली, त्याचा पूल आला, पुलाखालून जाणाऱ्या बोटी आल्या.  वाउटर मान खाली घालून ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते. आता हा आपलं बोचकं बांधून निघून जाणार, असं मला वाटलं. शिव्या शिकणं वेगळं आणि खाणं वेगळं.

पाणी घातलेलं दूध कुत्र्यांना जातं आणि ज्यानं आळ घेतला त्यानं संध्याकाळी त्या मेंढ्यांची धार काढायची, हा आमचा रिवाज. कुत्री खूष झाली. संध्याकाळी फिलोमेना मावशी स्टूल घेऊन बसली. वाउटर समोर उभा. एकही मालक घरी गेला नव्हता. दुधात काठी उभी राहिली आणि गाश्पार थांबला.  फेस हळूहळू खाली गेला, पार गेला, आणि गाश्पारनं खूण केली. आदल्या दोन्ही वर्षांच्या कितीतरी खाली.

वाउटरनं ओणवं होऊन बघितलं.

"काठी तिरपी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तिरपी धरलीस. तुझ्याकडे झुकली आहे."

"माझ्या बापानं अशीच काठी धरली, आजानं धरली, आणि तू पूलवाला मला…"

"पुलावर मी रोज पाण्याची पातळी बघत होतो. ही तिरपी आहे."

"तिरपी आहेच मुळी!" मागून कुणीतरी म्हणालं. "माझ्या वेळीपण होती!" मग जो तो ओरडायला लागला. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथं भांडत होतो. मावशी दोघांनाही चोर म्हणत होती. खूण काही गाश्पारनं हलवली नाही.

त्या उन्हाळ्यात वाउटरला चीज फार थोडं मिळालं आणि त्याबद्दल तो दर वेळी कुरकुरायचा. वानसोबाच्या घराचं दार आता लोक न ठोठावता उघडायचे. त्याची करवत कुणी नेली ती परत आली नाही. ती कुणी नेली हे मला ठाऊक आहे, पण तो प्राणी अजून जिवंत आहे. गवतकापणीला त्याला सगळ्यांत दगडाळ पट्टा दिला. मावशीच्या रविवारच्या वळकट्या बंद झाल्या. पुढं सुरू झाल्या, पण डबा त्यानं स्वतः जाऊन आणायचा आणि येताना तिचं जळण फोडून यायचं.

ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून उतरल्या. त्या दिवसांतच एका दुपारी मी त्याच्याकडे बसलो होतो. त्यानं बटाट्याचे गोळे उकडले होते, वर मेंढीचं चीज, डुकराची चरबी. ताट नुकतंच पुढं घेतलं होतं. दार धाडकन उघडलं. गाश्पार. चिखलात बरबटलेला, टोपी डोक्यावर तशीच.

"ए पाणचोरा! ऊठ. माझा एडका ओढ्यात उतरलाय, माझ्या एकट्याच्यानं निघत नाही. दोर घे आणि चल लवकर!"

वाउटरनं ताटावरून मान वर केली नाही. चमचा भरला, फुंकर मारली, आणि म्हणाला,

"जेवतोय. थांब बाहेर. आणि दार लाव, सगळी ऊब चालली."