फोटोपुरता फेटा

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात ‘लोकप्रिय संस्कृती आणि ओळख’ हा उन्हाळी वर्ग होता. एके दिवशी सरांनी भीमगीतं गाणाऱ्या एका काकांना बोलावलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काका पेटीसमोर बसले, दोनदा कॉलर नीट केली. सरांनी नाटकाच्या सामानातला भडक फेटा पुढे केला.

“हा बांधा. फोटोत लोककलावंत वाटाल.”

“आमच्या वस्तीत गाणारा पांढऱ्या शर्टातच येते, सर. गाणं ऐकाले बोलावलं का सोंग पाहाले?”

“फोटोपुरतंच हो!”

काकांनी पेटी उचलली आणि न गाताच निघाले. सर हसून पुढच्या मुद्द्याकडे वळले. घरातला पहिला पदवीधर मी याच कॉलेजामुळे झालो, तरी हा संताप जात नाही. जयंतीला माझे बाबाही तसाच शर्ट घालतात, आणि मी मात्र खाली मान घालून टिपणं काढत राहिलो.