कपांच्या हुकांवरचं नेटवर्क

घरात पसारा आणि किस्से कुणी मुद्दाम करत नाही. होतात! नव्वदीच्या शेवटी मी आणि माझा कॉलेजमधला मित्र सुनील, आम्ही नगरला सावेडीत आमच्याच घरी लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका छापायला लागलो. तीन खोल्यांत तीन कॉम्प्युटर, प्रिंटर मात्र एकच! मग ठरलं, तिन्ही कॉम्प्युटर वायरीनं जोडायचे आणि बाकी सगळी यंत्रं एका लोखंडी रॅकवर मांडायची.

* * *

रॅक करायला दिला वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे. आला तो झकास रंगवलेला. वर ताटं उभी राहतील अशा दांड्या आणि खाली ओळीनं हुक!

"मिस्त्री, हे हुक कशाला?"

"कपांना! रॅक म्हनलं की कप आलेच की!"

आई खूश. सुनीलनं कपाळाला हात लावला आणि हुकांना वायरी अडकवल्या. इतक्या नीट वायरी मी पुढे मोठ्या ऑफिसातही पाहिल्या नाहीत.

* * *

वायर मधल्या खोलीत न्यायला सुनीलनं ड्रिल चालवलं. भिंत चुकली! पलीकडून शेजारच्या काकूंची किंकाळी आली, "अगं बाई, कॅलेंडरमधून काय आलं हे!"

धावत गेलो. काकू भोकाला डोळा लावून उभ्या.

"केबलची वायर आहे का रे?"

"नाही काकू, कॉम्प्युटरची."

"त्यात सिरियल दिसतात?"

"नाही."

"मग बुजव!"

* * *

एकदा तिसगावचे मामा आले आणि नेमकी लाइट गेली. रॅकवरचा यूपीएस कुईं कुईं ओरडायला लागला. मामा दचकले.

"मामा, लाइट गेली की हे ओरडतं."

मामांनी त्याच्याकडे फार दयेनं पाहिलं. "आमच्याकडं नगा आनू. घसा बसंल त्याचा!"

* * *

थंडीत आईचं दही लागेना. एक दिवस रॅक पुसायला गेलो, तर यूपीएसमागे झाकलेलं पातेलं!

"हात लावू नकोस, तिथं ऊब असते," आई म्हणाली.

संध्याकाळी सुनील सगळं बंद करायला उठला, तर आतून हुकूम आला, "थांब रे, अजून पातळ आहे!"

* * *

आता हा शेवटचा. माझी बहीण सुषमा मधल्या कॉम्प्युटरवर टायपिंग करायची. तिचं आणि सुनीलचं एकमेकांवर मन बसलंय, हे मला दिसत होतं. पण दोघंही गप्प. आम्ही बौद्ध, सुनीलचं घर सुप्याकडचं मराठा शेतकऱ्याचं. विषय काढायचा कसा? आणि आमचे वडील, अण्णा, "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाले तर?

एका दुपारी सुनीलनं धीर केला. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर निरोप पाठवायची सोय होती. त्यानं टाइप केलं, "सुषमा, माझ्याशी लग्न करशील?" आणि बटण दाबलं.

गडबडीत निरोप गेला सगळ्या कॉम्प्युटरवर! मधली खुर्ची रिकामी होती. आतल्या खोलीत अण्णा कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसले होते.

सुनील पांढराफटक पडला. "नित्या, मी निघतो."

"बस खाली!"

आतून एका बोटानं टाइप केल्याचा आवाज यायला लागला. टक... टक... टक... संपता संपेना. शेवटी सुनीलच्या पडद्यावर उत्तर उमटलं:

"माझी हरकत नाही. सुषमा गच्चीवर कपडे वाळत घालते आहे. विचारून सांगतो."