टकलावरचा गंज

रंगाऱ्याचा हात आधी चालायचा, तोंड मागून. शिडी हलली तर शिडी धरणाऱ्याच्या कानाखाली, भाजी अळणी झाली तर बायकोच्या पाठीत. सारी हयात त्यानं उघड्या डोक्यानं लोखंडी पूल आणि पाण्याच्या टाक्या रंगवल्या. केस गेले, टक्कल उन्हात भाजून निघालं. पण टोपी घाला म्हणायची कुणाची टाप होती!

मग टकलावर चट्टे उठले. दिसायला लालसर, नखाएवढे. बोट फिरवलं की खरखरीत. या बाबाला वाटलं, हा तर गंजच! घेतला पॉलिश पेपर आणि घासलं. रक्त आलं, खपली धरली, चट्टा पुन्हा वर. पुन्हा घासलं. "अहो, दाखवा कुणाला तरी," बायको म्हणाली, तर ब्रशचा दांडा तिच्या खांद्यावर बसला. तिला आठवडाभर हात वर करता येईना.

पण एक चट्टा जाड झाला, ठणकायला लागला, उशी रक्तानं माखायला लागली. तेव्हा कुठे स्वारी घाबरली आणि बायकोमागून दवाखान्यात आली.

"अहो, डोकं म्हणजे लोखंड आहे का?" कातडीची डॉक्टरीण कडाडली. "उन्हानं कातडी बिघडलीय. असंच सोडलं तर यातल्याच एखाद्या चट्ट्याचा कॅन्सर होतो."

तपासायला तुकडा काढायचा म्हटल्यावर त्यानं ट्रे उधळला, कंपाउंडरला भिंतीवर आपटलं. डॉक्टरीण जागची हलली नाही. "मरायचं असेल तर दार तिकडे आहे." त्यानं डोकं पुढे केलं.

कॅन्सर निघाला नाही, नशीब! जाड चट्टा तिनं गार फवाऱ्यानं गोठवला, बाकीच्यांना मलम दिलं. "लाल होईल, आग होईल, खपल्या धरतील. धरू द्या. ओरबाडलंत तर पहिले पाढे पंचावन्न!"

आग अशी, की तो भिंतीला लाथा घालायचा. हात सारखा डोक्याकडे जायचा. शेवटी रडकुंडीला येऊन त्यानं दोन्ही हात बायकोपुढे केले. "बांध गं. माझा मलाच भरवसा नाही."

तिनं बांधले, चांगले करकचून. रोज मलम लावून पुन्हा बांधायची, घास भरवायची, शिव्या ऐकायची. शिव्यांनी काही पाठ सुजत नाही.

खपल्या गळल्या, खालून गुलाबी, मऊ कातडी आली. डॉक्टरीण खूश झाली. "आता मलम बंद. टोपीशिवाय उन्हात जायचं नाही, एवढंच."

तो हात चोळत बाहेर पडला. बायको मात्र दारातून परत फिरली. हळूच म्हणाली, "बाई, अजून थोडे दिवस नाही का चालू ठेवता येणार?"