लग्नाला येऊ नका

मैत्रिणींनो, आज आमच्याकडे एक पातळ आलं, वीस रुपयांचं. नारळ आला, एक रुपयाचा. आणि लग्नाला येऊ नका हा निरोप आला, तो फुकट.

घेऊन आले कोल्हारचे आबा. माझा मुलगा शरद गेला, तेव्हा त्याचा डोळा आबांच्या मुलाला बसवला. आता त्याच मुलाचं लग्न आहे.

"ताई, पोरीकडच्यांना डोळ्याचं सांगितलं न्हाई. लगीन मोडंल."

"मी लांबून बघेन त्याला. तोंड उघडणार नाही."

"तुमी त्याला बघितलं की रडता वो. समद्यांना कळंल."

पातळ परत दिलं. नारळ देवाचा म्हणून ठेवून घेतला.

माझ्यामागे माझेही डोळे द्यावेत, असं मी लिहून दिलंय. आज मन फिरलंय. ते रद्द करू का? उलट टपाली कळवा.